शांतवनकाका म्हशीशी बोलतात

शांतवनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीला येशूबद्दल सांगत होते.

हे मी गमतीने म्हणत नाही. सोनईच्या शाळेत बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. भाड्याच्या घराच्या मागच्या खिडकीतून शेजारचा गोठा दिसायचा. सकाळी दात घासता घासता बाहेर पाहिलं, तर पांढऱ्या बंडीतले एक वाळके गृहस्थ उकिडवे बसून म्हशीच्या मागच्या खुरात जांभळं औषध ओतत होते आणि अगदी समजुतीच्या सुरात तिला सांगत होते, "तर बाई, त्या मेंढपाळाची शंभर मेंढरं. शंभर म्हंजे लई झाली. पर सांजच्याला मोजली तर नव्व्यानव. आता दुसरा कुनी असता तर म्हनला असता, जाऊ दे, एकानं काय हुतंय. ए, हलू नको. झालंच."

म्हैस हलली नाही. तिचं दावं धरून उभा असलेला शेतकरीही हलला नाही. थोडा वेळ त्याने वाट पाहिली आणि मग न राहवून विचारलं, "मग घावलं का ते?"

काकांनी त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. म्हशीलाच म्हणाले, "मालक इचारतोय बाई, घावलं का. सांगू त्याला?"

मी तोंडातला फेस तसाच ठेवून पुढचं ऐकत उभा राहिलो. मेंढरू सापडलं. मेंढपाळाने ते खांद्यावर घेतलं. शेतकऱ्याने सुस्कारा सोडला, म्हैस सोडली आणि निघून गेला. मी चूळ भरली.

आता मीही ख्रिस्तीच. चौथी पिढी. आमच्या पणजोबांनी दीक्षा घेतली, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले, वडील मास्तर झाले, मीही मास्तर झालो. नाताळात करंज्या करायच्या, रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला जायचं आणि घरच्या कबरी वर्षातून एकदा चुन्याने रंगवायच्या, इतकं माझं ख्रिस्तीपण व्यवस्थित चाललेलं होतं. शिष्याने जाऊन इतरांना सांगायचं असतं, हे मी लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलो होतो. पण ते पाळकांचं काम, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. भूगोलाच्या मास्तराने मोसमी वारे सांगावेत.

आणि इथे खिडकीबाहेर एक माणूस म्हशीला सुवार्ता सांगत होता.

पुढचे दोन महिने शांतवनकाका माझ्याशी एकूण पंधराएक शब्द बोलले असतील. 'सलाम.' 'बरं.' 'च-चहा?' त्यापैकी 'चहा' हा सगळ्यात मोठा संवाद. माझी बायको करुणा म्हणायची, "शेजारचे काका फार ताठ आहेत हो. मी विचारलं, पाणी कधी येतं, तर नुसते आकाशाकडे बोट दाखवून आत गेले." पावसावर अवलंबून आहे असं त्यांना म्हणायचं होतं की देवावर, यावर आमच्या घरात बराच खल झाला.

खरी गोष्ट अशी होती की काका अडखळत बोलायचे. माणसासमोर उभे राहिले की पहिल्याच अक्षरावर त्यांची गाडी रुतायची. चाक नुसतं फिरायचं, चिखल उडायचा, गाडी तिथंच. लहानपणापासूनचं होतं ते. गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर म्हणून लागले. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचतील तेव्हा जनावर धरायचं. पहिल्याच वर्षी एक मारका बैल आला. त्याला धरून ठेवताना जीव वाचवायला म्हणून काका त्याच्याशी बोलायला लागले, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण एकदाही अडखळलो नाही.

ही हकिकत मला काकांनीच सांगितली. म्हणजे मला नाही, त्यांच्या घरच्या म्हशीला. तिचं नाव चंद्री. मी गोठ्याच्या कुडाला टेकून विचारायचं, "काका, हे कधीपासून हो?" आणि काकांनी चंद्रीच्या पाठीवर पाणी मारत तिला उत्तर द्यायचं, "चंद्रे, सर इचारत्यात कधीपासनं. तुज्या आजीच्याबी आधीपासनं, सांग त्यास्नी." अशी आमची बोलण्याची रीत पडून गेली. चंद्री मधे असली की काका घडाघडा बोलायचे, विनोद करायचे, प्रसंगी मला टोमणाही मारायचे. चंद्री चरायला गेली की आमचं बोलणं पुन्हा 'चहा'वर यायचं.

जनावरांच्या श्रोतेपणाबद्दल काकांची मतं ठाम होती. "शेळी उपेगाची न्हाई. लई चंचल. आपुन मुद्द्याला यावं आन तिनं पाला वढावा. बैल ऐकून घेतो, पर मनावर घेत न्हाई. जर्सी गाय दिसाया देखनी, पर तिला मराठी कळतंय का न्हाई, शंका हाय. म्हैस ती म्हैसच. चर्चच्या मंडळीतल्या जुन्या बाईसारखी. डोळं मिटून बसती. झोपली का मनन करती, ते पाळकालाबी सांगता येनार न्हाई."

आमच्या पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये काका शेवटच्या बाकावर बसत. एकदा, मी यायच्या फार आधी, पाळकांनी त्यांना साक्ष द्यायला पुढे बोलावलं होतं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. काका पुढे गेले. 'प्र... प्र...' इतकं म्हणाले. बरोबर किती वेळ गेला कुणास ठाऊक. पण पोरं हसायला लागली, पोरांना गप्प करताना मोठी माणसं हसली आणि काका शेवटच्या बाकावर परत येऊन बसले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी म्हशीला पूर्ण साक्ष दिली. हे मला चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. काकांची बायको मार्था त्यांना सांगून गेली होती म्हणे, की 'आमच्या यांनी आज गोठ्यात असं काही सांगितलं, मी चुलीपुढं रडले.'

मार्थाकाकूंना जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात. दर रविवारी तिचा फोन यायचा. ती बोलायची, काका 'हं' म्हणायचे, ती पुन्हा बोलायची, काका पुन्हा 'हं'. एकदा ती मला म्हणाली, "सर, बाबांच्या 'हं'चे मला बारा प्रकार कळतात."

बाजाराच्या दिवशी काका घोडेगावला जात. तिथला जनावरांचा बाजार मोठा. लांबलांबून टेम्पो भरून म्हशी येतात. प्रवासात कुणाच्या खुराला लागतं, कुणाचं शिंग खरचटतं. काका एका बाजूला पोतं अंथरून बसत. औषधाची बाटली, कापूस, पट्ट्या, खोबरेल तेल. कुणाकडून काही घेत नसत. जनावर पुढे आलं की पाय हातात घ्यायचा आणि सुरुवात करायची. मलमपट्टीला अर्धा तास लागायचा आणि तेवढा वेळ मालकाला दावं धरून उभं राहावंच लागायचं. सांगायचं ते सगळं म्हशीला. मधेच औषध शोधायला वाकले की परत वर येऊन विचारायचे, "तर बाई, आपुन कुठवर आल्तो?" म्हैस काही सांगायची नाही. मालक सांगायचा, "धाकलं पोरगं घर सोडून गेल्तं, तितवर आल्ता."

मी एकदा चंद्रीमार्फत त्यांना विचारलं, की सरळ माणसालाच का सांगत नाही? अडखळत का होईना.

"चंद्रे, सरांना सांग, मानसाला सांगितलं का त्याला हो न्हाई तर न्हाई म्हनावं लागतं. मग त्यो दबतो न्हाई तर चिडतो. म्हशीला सांगितलं का मानूस मोकळा. वाटलं तर ऐकल, न्हाई तर बिडी वढल." मग चंद्रीच्या कानामागे खाजवत हळूच म्हणाले, "आन खरं सांगू का, मला भ्या वाटतं."

त्या बाजारात बन्सी नावाचा एक दलाल होता. आडवा बांधा, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर मोठा रुमाल. त्या रुमालाखाली दोघांचे हात धरून तो बोटांच्या खुणांनी सौदे जुळवायचा. काकांच्याच वयाचा, आणि काकांची टिंगल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. "काय शांतवन, आज किती म्हशी बाटवल्या?" हा त्याचा नेहमीचा सलाम. काही वेळा म्हैस विकताना गिऱ्हाइकाला सांगायचा, "घे, ही शांतवनच्या हातची हाय. दूधबी देती आन लाथबी मारत न्हाई, दुसरा गाल पुढं करती." बाजार हसायचा. काकाही हसायचे. पण एक गोष्ट मी नंतर पाहिली. काकांची गोष्ट चाललेली असताना बन्सी कुठे तरी जवळपासच असायचा. पाठमोरा, तंबाखू मळत.

मे महिन्याच्या सुट्टीत मी काकांना माझ्या मोटरसायकलवरून घोडेगावला घेऊन जायला लागलो. मला जनावरांतलं काही कळत नाही. मी नुसता सावलीत बसायचो, कापूस हातात द्यायचो.

अशाच एका बाजारी तिघं तरुण आले. मोटरसायकली लावून सरळ काकांच्या पोत्यापाशी. एकाच्या हातात मोबाईल, चित्रण चालू.

"बाबा, काय चाललंय हे? कुनाला बाटवायलाय?"

काकांच्या हातात एका रेडीचा पाय होता. त्यांनी वर पाहिलं. ओठ हलले. "मी... मी... म-म-"

"बोला ना. मघाशी तर चांगलं बोलत हुता. आता काय झालं?"

काकांची मान पुढे आली, गळ्याची शीर फुगली, डोळे मिटले. शब्द काही निघेना. ते दिसायला फार वाईट होतं. मी उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मला बोलता येतं. पन्नास मुलांच्या वर्गात मी न थांबता चाळीस मिनिटं बोलतो.

मोबाईलवाल्याने माझ्याकडे मोहरा वळवला. "तुमी यांच्यासंगं का?"

आणि मी म्हणालो, "मी? नाही, नाही. मी म्हैस बघायला आलोय."

ज्या माणसाने जन्मात कोंबडी विकत घेतली नाही, तो मी.

काकांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त रेडीचा पाय हळूच खाली ठेवला. तेवढ्यात मागून बन्सीचा आवाज आला. "काय रं पोरांनो, काय झालं?"

"दादा, ह्यो बाबा इथं धर्माचं सांगतो."

"कुनाला सांगतो?"

"आं?"

"कुनाला सांगतो म्हनलं. मला सांगितलंय का? ह्या रेडीच्या मालकाला सांगितलंय? इचारा त्याला. त्यो रेडीला सांगतो. तिची काय तक्रार आसल तर लिहून घ्या."

आजूबाजूचे हसले. तिघांतला सगळ्यात लहान पुढे वाकून काकांकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "अरे, हे तर आपल्या गायीचं वासरू आडलं तवा आल्ते." मोबाईल खाली आला. मोबाईलवाला जाता जाता म्हणाला, "बाबा, औषधपानी करा, बाकीचं ऱ्हाऊ द्या." सूर मघासारखा नव्हता, पण गमतीचाही नव्हता. ते गेले. बन्सीही तंबाखू तोंडात टाकून गेला. काकांनी पुन्हा रेडीचा पाय उचलला, पण त्या दिवशी पुढे ते तिच्याशीही काही बोलले नाहीत.

परतताना उसाच्या ट्रकांमागून मी गाडी हळू चालवत होतो. काका मागे बसलेले.  सोनई जवळ आल्यावर मी मान न वळवताच म्हणालो, "काका, मघाशी मी... माफ करा."

 मग काका म्हणाले, "स-सर, म्ह-म्हैस..."

"काय?"

"म्हैस घे-घेतली का मग?"

मी गाडी बाजूला थांबवली. काका मागे हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर दुसरंही काही आलं, ते मी रुमालाने पुसलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यानंतरच्या बाजाराला काका नेहमीसारखे निघाले. मला म्हणाले, "ये-येता?" मी गेलो.

दिवाळी झाल्यावर काही आठवड्यांनी बन्सी बाजारात दिसेनासा झाला. मग एक दिवस त्याच्या सुनेचा मला फोन आला. काका मुलीशिवाय कुणाचा फोन उचलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माझ्याकडे. मामंजी नगरच्या दवाखान्यात आहेत, पोटाचं मोठं ऑपरेशन सांगितलंय, मामंजी सही करायला तयार नाहीत. "कुनाचंच ऐकत न्हाईत सर. नुसतं म्हनत्यात, शांतवनला बोलवा."

मी काकांना सांगितलं. ते चंद्रीला पेंड घालत होते. ऐकून त्यांचा हात थांबला. चंद्रीला म्हणाले, "सरांना सांग, मी येऊन काय करू? दवाखान्यात म्हैस न्हाई."

दोन दिवस ते असंच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून आवाज आला म्हणून मी खिडकीशी गेलो. काका चंद्रीसमोर उभे होते आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "बन्सी, मी शांतवन. बन्सी, मी शांतवन." चंद्रीसमोर ते स्वच्छ निघत होतं. मग ते गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ब-ब-ब-" आणि थांबले.

सकाळी ते माझ्या दारात आले. बंडीवर कोट. "तु-तुमी बोला. तुमाला ब-बोलता येतं."

"काका, मला मोसमी वारे बोलता येतात," मी म्हणालो. "हे मला कधीच आलं नाही. तुम्ही पाहिलंत की बाजारात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की आमच्यात मिळून एक शिष्यही धड होत नाही. एकाला जीभ नाही, एकाला छाती नाही. पण निघालो.

नगरला, आता अहिल्यानगर म्हणतात, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बन्सी होता. एवढा आडवा माणूस खाटेत मावून वर जागा उरली होती. पायांवर सूज. सून आणि मुलगा उशाशी. बन्सी त्यांना म्हणाला, "जा रं, च्या पिऊन या." ते गेले. मी दारापाशी थांबलो.

काका खाटेजवळ उभे राहिले. "ब... ब-ब-"

"बस," बन्सी म्हणाला.

काका स्टुलावर बसले. पुन्हा प्रयत्न केला. तीच शीर फुगली, तेच डोळे मिटले. मला त्या बाजाराच्या दिवसासारखंच होऊ लागलं. बन्सी नुसता पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने टिंगल केली नाही. मग त्याने डोकं उशीवर टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "शांतवन, मला म्हैस समज आन बोल."

काका क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी उजवा तळवा उचलला आणि बन्सीच्या कपाळावर ठेवला, जनावराच्या दोन शिंगांमध्ये ठेवतात तसा. दुसऱ्या हाताने चादर बाजूला करून त्याच्या सुजलेल्या पायाकडे नजर टाकली. आणि बोलायला लागले.

"तर बाई, येक मेंढपाळ हुता."

'बाई' ऐकून बन्सी हसला, हसताना त्याला कळ आली, तरी हसला. काका थांबले नाहीत. शंभर मेंढरं, संध्याकाळची मोजणी, डोंगरातलं काटवण, अंधार, एकाच्या मागे गेलेला मेंढपाळ. मी ती गोष्ट त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकली होती, पण त्या दिवशी ते जरा सावकाश सांगत होते, जणू वाट नवीन आहे. मेंढरू खांद्यावर आलं. गोष्ट संपली.

बन्सी डोळे न उघडता म्हणाला, "वीस वर्सं ऐकतोय मी ही गोष्ट. तुज्या मागंच हुभा ऱ्हायचो."

काकांनी दुसऱ्या हाताने चादर पुन्हा त्याच्या पायांवर ओढली.

"येक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. नव्व्यानव उघड्यावर सोडून येकाच्या मागं जायचं, ह्यो यवहार मला कधी पटला न्हाई. मी जनम दलालीत घालवला शांतवन. ते हरवलेलं म्हंजे लंगडं न्हाई तर आजारी आसनार. त्याला बाजारात कोन इचारतो? मग त्यो मेंढपाळ कशापायी गेला?" आता त्याने डोळे उघडले. "खरं सांग. माझ्यासारख्या मोडक्या म्हाताऱ्यामागं कोन येनार हाय?"

हा प्रश्न म्हशीने विचारलेला नव्हता. काकांनी कपाळावरचा हात काढला. आता समोर माणूस होता आणि तो उत्तराची वाट बघत होता. काका बोलायला लागले, आणि अडखळले. थांबले. पुन्हा अडखळले. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. बन्सीकडे बघत, एकेक अक्षर विहिरीतून पाणी काढावं तसं ओढत, त्यांनी ते वाक्य पुरं केलं.

"त्यो... द-द-दलाल न्हाई, बन्सी. म-म-मालक हाय."

बन्सी वरच्या पंख्याकडे बघत राहिला. त्याच्या कानापाशी उशी ओली झाली.

तसाच बघत म्हणाला, "मग मी काय करायचं?"

"का-काय न्हाई. हा-हाक आली तर ओ द्यायची."

काकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. चार ओळींची असेल, अडखळत पाच मिनिटं चालली. शेवटी 'आमेन' म्हणताना बन्सीनेही काहीतरी म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मुलगा आणि सून चहा घेऊन आत आले. बन्सी म्हणाला, "आन हिकडं ते सहीचे कागद."

बन्सीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी तो बाजारात आला, काठी टेकत. आता खुर्ची टाकून बसतो. माळ गळ्यात आहेच. टिंगल थोडी कमी करतो, आणि काकांची गोष्ट सुरू झाली की पाठ फिरवत नाही, तोंड इकडे करून बसतो. त्याच्या मनात काय झालं, किती झालं, मला माहीत नाही. काकांनाही माहीत नाही, आणि ते विचारत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं.

आम्ही सोनईला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकांनी दाराचं कुलूप काढलं. मी गाडी वळवायला लागलो, तर ते म्हणाले, "सर, ब-बसा की."

मी ओट्यावर बसलो. आतून स्टोव्हचा आवाज आला. काकांनी दोन कप चहा आणला आणि माझ्या शेजारी बसले. कोट अजून अंगावरच होता. त्यांनी आपला कप ओट्यावर ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"आज न-नगरला गेल्तो," ते म्हणाले.

मला कळेना. मीच तर त्यांना घेऊन गेलो होतो.

"ब-बन्सीला बघायला. लई वा-वाळलाय."

आणि ते सांगायला लागले. पहाटेपासून. कोट कसा पेटीतून काढला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास कसा येत होता. मग माझ्या ध्यानात आलं. सात वर्षं हा माणूस बाहेरून येऊन हे कुलूप उघडतो, आणि आज काय झालं ते विचारणारं आत कुणी नसतं. जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय दिवस पुरा होत नाही. मी कप खाली ठेवला.

"असं?" मी म्हणालो. "मग?"

काका खुलले. हातवारे करायला लागले. दर वाक्याला दोनदा-तीनदा रुतत होते, पण घाई नव्हती, त्यांना नाही आणि मलाही नाही. करुणा आमच्या दारात येऊन उभी राहिली, मी तिला हातानेच थांब म्हटलं. ती आत गेली नाही, पदर सावरून तिथेच पायरीवर बसली.

"दा-दारात उभा ऱ्हायलो तर पाय उचलंना," काका सांगत होते. "म-माघारीच फिरलो असतो. पर सं-संगं आमचे शेजारचे सर हुते ना. लई आ-आधार झाला त्यांचा. येकट्याला ज-जमलं नसतं."

मी तिथे एक शब्दही बोललो नव्हतो. दाराला टेकून नुसता उभा होतो. हे मी त्यांना सांगणार होतो, पण काका माझ्याकडे बघत होते, पुढचं सांगायला उतावीळ, आणि त्यांचा चहा तसाच गार होत होता.

"बरं झालं सर होते," मी म्हणालो. "मग काका? पुढं काय झालं?"